कोल्हापूर जिल्ह्यात झाड लावायचं तर रोप केवढं घ्यावं?

मृग जवळ आला की नर्सरीत एक वाक्य हमखास ऐकू येतं, "जरा मोठं दाखवा की." मोठं रोप घेतलं म्हणजे तेवढी वर्षं वाचली, असा हिशोब त्यामागे असतो. काही ठिकाणी तो बरोबर निघतो. पण पुष्कळदा सहा फुटी रोप दोन वर्षं नुसता तग धरून उभं राहतं आणि शेजारचं दोन फुटी रोप त्याला गाठून पुढे निघून जातं. केवढं रोप घ्यायचं ते तीन गोष्टींवर ठरवावं: ते कुठे लागणार, पाऊस थांबल्यावर त्याला किती आठवडे पाणी घालता येणार आणि झाडाची जात कोणती. उंची त्यानंतर बघायची.

पिशवीचे आकडे

नर्सरीत रोपाचा आकार पिशवीवरून सांगतात: ५×८, ८×१०, १२×१२, १८×१८. हे आकडे इंचांचे. पहिला रिकाम्या, सपाट पिशवीच्या रुंदीचा, दुसरा उंचीचा. माती भरली की पिशवी गोल होते आणि रुंदीच्या साधारण दोन-तृतीयांश एवढाच तिचा व्यास भरतो. म्हणजे ८×१० च्या पिशवीतली मातीची हुंडी, म्हणजे मुळांसकटचा मातीचा गोळा, ५ इंच व्यासाची, १२×१२ ची साडेसात इंचांची आणि १८×१८ ची साडेअकरा इंचांची. मातीच्या हिशोबात ५×८ मध्ये लिटरभर, ८×१० मध्ये सुमारे ३ लिटर, १२×१२ मध्ये ८ लिटरच्या आत-बाहेर आणि १८×१८ मध्ये २५ लिटरच्या पुढे माती बसते. ओली असताना वजन अनुक्रमे दीड, ५, १३ आणि ४५ किलोच्या आसपास जातं.

वजनाचा विचार खरेदीआधीच करावा. छोट्या हत्ती टेम्पोत साडेसातशे किलो माल धरला तर १८×१८ ची पंधरा-सोळा रोपं बसतात, ८×१० ची दीडशेच्या आसपास. पंचेचाळीस किलोची पिशवी एकट्याने उतरवताना ती आपटते, हुंडी आतल्या आत तडकते आणि बारीक मुळं तुटतात. बाहेरून काहीच दिसत नाही. आठवड्याने पानं गळायला लागतात आणि दोष पावसाला दिला जातो.

मोठं रोप मागे का पडतं, याचं कारणही याच आकड्यांत आहे. लावल्या दिवशी रोपाकडे हुंडीतलीच मुळं असतात आणि पाणी लागतं ते वरच्या सगळ्या पानांना. बारक्या रोपाची पानं थोडी, त्यामुळे पहिल्या पावसाळ्यातच त्याची मुळं हुंडीबाहेर जाऊन शेजारच्या मातीत घुसतात. सहा फुटी रोपाला पानांचा संसार सांभाळत मुळं पसरायची असतात, म्हणून पहिलं वर्ष, कधी दोन वर्षं, त्याची वाढ वर दिसतच नाही. ही दोन वर्षं पाणी घालायची तयारी असेल तर मोठं रोप घ्यावं. नसेल तर ८×१० च्या पिशवीतलं दोन-अडीच फुटांचं रोप जिल्ह्यात बहुतेक ठिकाणी चालतं. अडलं तर तेच घ्यावं.

जागा कोणती, त्यावर आकार

गगनबावड्याला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि शिरोळकडे ५००-६००. अंतर म्हणाल तर शंभरेक किलोमीटर. त्यामुळे अख्ख्या जिल्ह्याला एकच आकार सांगणारा माणूस एका तालुक्यापुरतंच बोलत असतो.

पश्चिमेला, म्हणजे गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, आजरा, चंदगड भागात जांभ्या जमिनीवर ५×८ किंवा ६×८ पिशवीतलं दीड-दोन फुटी रोप पुरेसं होतं. चार महिने पाणी घालायचं काम पाऊसच करतो. इथे खरा शत्रू गवत. ऑगस्टपर्यंत ते कमरेला लागतं आणि फूटभर रोप खाली गुदमरतं, म्हणून दीड फुटाच्या खाली जाऊ नये. प्रत्येक रोपाजवळ एक काठी रोवून ठेवावी, नाहीतर गवत कापताना विळा आधी रोपावर बसतो. ऑगस्टमध्ये एकदा आणि ऑक्टोबरमध्ये एकदा रोपाभोवती हात-हात जागा मोकळी करावी. राधानगरी, दाजीपूरच्या बाजूला गव्यांचा वावर आहे. गव्यापुढे आठ फुटी रोपही टिकत नाही, तेव्हा तिथे उंचीवर पैसे घालू नयेत, ते कुंपणावर घालावेत.

करवीर, पन्हाळा, कागलकडची मुरमाड माळरानं वेगळी. पाऊस बेताचा, माती वीतभर, खाली मुरूम. इथेही बारकं रोपच बरं, कारण पाणी घालायला कुणी जाणार नसतं आणि बारक्याचं सोटमूळ मुरमाच्या भेगांतून खाली उतरू शकतं. मात्र खड्ड्याचा तळ पहारीने फोडून घ्यावा. माळावरची रोपं मरतात ती बहुतेक फेब्रुवारी ते एप्रिलमधल्या वणव्याने, पाण्यावाचून त्या मानाने कमी. दिवाळीनंतर प्रत्येक रोपाभोवती मीटरभर गवत मुळासकट काढलं नाही तर लावण्याचे कष्ट वाया गेले म्हणून समजा.

उसाच्या बांधावरचं गणित उलटं आहे. पाटाचं पाणी आयतं मिळतं, त्यामुळे मोठ्या रोपाचा सगळ्यात मोठा खर्च इथे वाचतो. आणि बारकं रोप घेतलं तर आडसाली (दीडेक वर्ष रानात राहणारा) ऊस त्याला वर्षभर सावलीत दाबून टाकतो. म्हणून बांधावर १२×१२ मधलं चार-पाच फुटी रोप घ्यावं. उसात टू-फोर-डी हे तणनाशक मारताना वाऱ्याने आलेला फवारा रुंद पानांच्या रोपांना लागतो. पानं आवळतात, शेंडा वाकडातिकडा होतो आणि लोक रोग समजून औषधं मारत बसतात. फवारणीच्या दिवशी वारा पडलेला बघावा आणि रोपावर खताचं रिकामं पोतं घालावं. पाचट (उसाचा वाळलेला पाला) पेटवणार असाल तर बांधावर झाड लावूच नका. त्यापेक्षा तेच पाचट रोपाच्या बुडात घातलेलं बरं.

पाणंद, गावरस्ता, शहरातल्या कॉलन्या इथे मात्र मोठं रोप लागतं: १२×१२ किंवा १८×१८, सहा ते आठ फूट. मागच्या पायांवर उभी राहिलेली शेळी पाच फुटांपर्यंत सहज पोचते, त्यामुळे शेंडा तिच्या वर असावा आणि तरीही पाच फुटी ट्री गार्ड असावंच. खोड निदान पाच-सहा फुटांपर्यंत सरळ, बिनफांदीचं मिळालं तर उत्तम. गळितात उसाच्या ट्रॉल्या जातात त्या रस्त्याला ट्रॉलीबाहेर लोंबणारा ऊस खालच्या फांद्या ओरबाडून नेतो. रस्त्याच्या कडेपासून निदान तीन मीटर आत लावावं. शहरातल्या खड्ड्यात हटकून राडारोडा निघतो. तो बाजूला काढून बाहेरची माती आणावी लागते. ती आणायची तयारी नसेल तर १८×१८ ची चैन करू नये.

पूरपट्टा हा स्वतंत्र विषय. २००५, २०१९ आणि २०२१ चा पूर पाहिलेल्या गावांना हे सांगायला नको की पंचगंगा-कृष्णाकाठी जुलै-ऑगस्टमध्ये मळीच्या (नदीकाठच्या गाळाच्या) रानात पाणी दिवसेंदिवस उभं राहतं. अख्खं पाण्याखाली गेलेलं बारकं रोप गुदमरून मरतं, पानांवर गाळ बसतो, तो सुकला की उरलंसुरलं जातं. शेंडा पाण्यावर राहिला तर जगण्याची आशा असते. इथे जूनची घाई सोडावी आणि पूर ओसरल्यावर, सप्टेंबरात वाफसा आला (ओल आहे पण चिखल नाही अशी जमीन झाली) की १२×१२ मधली पाच-सहा फुटी रोपं लावावीत. जमिनीतली ओल दोनेक महिने साथ देते आणि पुढचा पूर येईपर्यंत रोपाला दहा महिने मिळतात. जाती पाणी सोसणाऱ्याच हव्यात: अर्जुन, करंज, जांभूळ, उंबर, वाळुंज, ताम्हण. शिरोळकडच्या क्षारपड रानात आधी निचऱ्याची सोय, मग करंज किंवा बाभूळ. तिथे रोपाचा आकार ही फार पुढची गोष्ट.

जात कोणती

वड, पिंपळ, उंबर, नांदरूक ही मंडळी मोठ्या आकारातही मुकाट लागतात. मुळं तंतुमय असतात, तोडली तरी नवी फुटतात. पांगाऱ्याची तर मनगटाएवढी फांदी पावसाळ्याच्या तोंडाला रोवली तरी फुटते, तिथे पिशवीचं रोप विकत घेणं हौसेचं काम. करंज, जांभूळ, ताम्हण, कदंब, बकुळ ८×१० पासून १२×१२ पर्यंत कशातही घ्या.

सोटमुळाची झाडं बारकीच घ्यावीत. पळस, मोह, हिरडा, बेहडा, चिंच, बहावा यांचं मूळ पहिल्याच वर्षी सरळ खाली धावतं. पिशवीचा तळ लागला की ते वेटोळं घालतं आणि ते वेटोळं पुढे आयुष्यभर तसंच राहतं. झाड दहा वर्षांनी मोठ्या वाऱ्यात मुळासकट उलथतं तेव्हा बुडात हा गुंडाळा सापडतो. यांची एका वर्षाच्या आतली रोपं घ्यावीत, शक्यतो रूट ट्रेनरमधली. त्या कपांना आतून उभ्या धारा असतात आणि तळ उघडा असतो, त्यामुळे मूळ फिरत नाही, टोक हवेला लागून थांबतं आणि बाजूला नवी मुळं फुटतात. कपातलं रोप बोटभर दिसतं म्हणून नाक मुरडू नये. सागाला तर पिशवीही नको, अंगठ्याएवढ्या जाडीची जडी (वरून-खालून छाटलेलं मूळ) पहारीच्या भोकात पुरली की भागतं.

आंब्याच्या कलमाला उंचीपेक्षा जोड महत्त्वाचा. एक ते दोन वर्षांचं, जोड पक्का भरलेलं, जोडाच्या वर आणि खाली खोडाची जाडी जवळपास सारखी असलेलं कलम निवडावं. जोडाची प्लॅस्टिक पट्टी आत रुतत चालली असेल तर ती लगेच काढावी आणि लावताना जोड जमिनीच्या वर वीतभर राहिला पाहिजे. चार-पाच वर्षांचं, मोहर आलेलं कुंडीतलं कलम दारात शोभतं, रानात ते रुसतं. नारळाचं रोप नऊ महिने ते वर्षाचं, पाच-सहा पानांचं, बुडात जाड असं बघावं. पानांची लांबी बघून घेतलेला नारळ बहुतेक वेळा सावलीत ताणलेला निघतो.

नर्सरीत काय बघायचं

आधी मातीलगत खोडाची जाडी. दीड फुटी रोप शिसपेन्सिलीएवढं, तीन फुटी करंगळीएवढं, सहा फुटी चांगलं अंगठ्याएवढं जाड हवं. मोजपट्टी असेल तर उंची सेंटिमीटरमध्ये, जाडी मिलिमीटरमध्ये घेऊन भागाकार करावा. उत्तर ८ च्या आत आलं तर रोप दणकट, १० च्या पुढे गेलं तर काठीशिवाय उभं राहणार नाही. काठीला बांधलेलं रोप असेल तर सुतळी सोडून बघावं. वाकून जमिनीला टेकलं तर दुसरं मागावं. 

मग खोड धरून अगदी हलकं हलवावं. माती आणि खोड एकत्र हललं तर मुळं धरलेली आहेत. खोड मातीत सैल फिरत असेल तर ते ५×८ मधलं रोप गेल्या पंधरवड्यात १२×१२ मध्ये बदललेलं आहे. पावसाच्या तोंडाला हा प्रकार बराच चालतो. पैसे मोठ्या पिशवीचे जातात, मुळं बारक्याचीच मिळतात आणि पिशवी सोडवली की हुंडी भुसभुशीत होऊन सांडते. बदललेलं रोप वाईट नसतं, त्याला दोन-तीन महिने त्या पिशवीत राहू द्यायला हवं, एवढंच.

पिशवी उचलून बूड बघायला संकोच करू नये. मुळं तळातून बाहेर येऊन जमिनीत गेलेली असतील तर उचलताना "कट्" असा आवाज येतो. रोपाचं अर्धं पोट त्या तुटलेल्या मुळावर चाललेलं असतं, ते तसंच नेऊन लावलं तर मान टाकतं. असं रोप हवंच असेल तर उचलून, मूळ तोडून तिथेच दहा-पंधरा दिवस सावलीत ठेवायला सांगावं आणि नवी पानं ताठ दिसली की न्यावं. शेडनेटखालचं रोपही एकदम उन्हात लावू नये, तेवढेच दिवस उघड्यावर ठेवून मग लावावं. गर्द हिरवी, लुसलुशीत, मोठाली पानं युरियाची असू शकतात. किंचित फिकट पण ताठ पानांचं रोप रानात जास्त चिवट निघतं.

पन्नासच्या वर रोपं घेणार असाल तर एका रोपाचे पैसे वेगळे देऊन त्याची पिशवी तिथेच फाडून बघावी. मुळं पांढरी आणि चहूकडे पसरलेली असतील तर लॉट घ्या. काळपट, वासट किंवा भिंतीलगत गोल गोल फिरलेली असतील तर दुसरी नर्सरी गाठा.

नेताना उघड्या टेम्पोत वाऱ्याने पानं वाळतात, वरून ओलं गोणपाट किंवा ताडपत्री टाकावी. रोप खोडाला धरून उचलू नये, पिशवीला हात घालावा.

खड्डा आणि लावणी

खड्डा हुंडीच्या साधारण तिप्पट रुंद आणि हुंडीएवढाच खोल, मुरमात मात्र तळ फोडलेला. ८×१० साठी दीड फूट लांब-रुंद, १२×१२ साठी दोन फूट, १८×१८ साठी अडीच ते तीन फूट. मे महिन्यात खणून पंधरा-वीस दिवस ऊन खाऊ द्यावं. काळ्या रानात खड्ड्याच्या भिंती खोऱ्याने लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात आणि पावसात त्याची पाण्याने भरलेली घागर होते, मुळं आत कुजतात. भिंती कुदळीने खरवडाव्यात आणि रोप जमिनीपेक्षा दोन-तीन इंच उंच, उंचवट्यावर लावावं.

निघालेल्या मातीतच चांगलं कुजलेलं शेणखत मिसळावं: ८×१० ला एक घमेलं, १८×१८ ला तीन. सोबत पाव ते अर्धा किलो निंबोळी पेंड. कच्चं शेण घातलं की वाळवी येते. साखर कारखान्यातली ताजी मळी (उसाचा रस गाळून उरलेला गाळ) थेट खड्ड्यात घालू नये, कुजताना ती तापते आणि मुळं भाजतात. कंपोस्ट झालेली चालते.

जमीन वीतभर ओली झाली की वाफशावर लावावं, चिखलात नको. पिशवी ब्लेडने उभी कापून सोलून काढावी. तळाशी मुळांचा चक्राकार थर असेल तर अर्धा-एक इंच सरळ कापून टाकावा आणि हुंडीच्या बाजूंना तीन-चार ठिकाणी सेंटिमीटरभर खोल उभे चरे द्यावेत. हे करताना जीव वर-खाली होतो, पण न केल्याने होणारं नुकसान मोठं असतं. खोड जिथे मुळात उतरतं ती जागा जमिनीच्या पातळीला राहिली पाहिजे. दोन इंच जास्त खोल गेलेलं रोप लगेच मरत नाही, बुडाची साल कुजत कुजत वर्षभराने मरतं.

चार फुटांपेक्षा उंच रोपाला हुंडीच्या बाहेर दोन काठ्या द्याव्यात आणि सायकलच्या जुन्या ट्यूबने इंग्रजी आठच्या आकारात सैल बांधावं, खोडाच्या मध्याच्या खालीच. थोडं हलल्यानेच खोड जाड होतं. दुसऱ्या पावसाळ्यात काठ्या काढाव्यात.

पाणी आणि नांग्या

नर्सरीतली माती बहुधा तांबडी, भुसभुशीत असते आणि आपलं रान काळं. आळं ओलं दिसत असतानाही हुंडी कोरडी पडते, म्हणून पहिले दोन-तीन महिने पाणी बुडाशी, हुंडीवरच सोडावं, नंतर आळं रुंदावत न्यावं. पाऊस थांबल्यावर ८×१० च्या रोपाला आठवड्याला १० लिटर, मार्च ते मे दोनदा. १२×१२ ला १५ ते २० लिटर. १८×१८ ला ३० ते ४० लिटर आठवड्यातून दोनदा आणि दुसऱ्या उन्हाळ्यातही एकदा तरी. वीस मोठ्या रोपांना नोव्हेंबर ते मे अशा तीसेक आठवड्यांत ३६,००० ते ४८,००० लिटर पाणी होतं, म्हणजे ५,००० लिटरचे सात ते दहा टँकर. वीस ८×१० ची रोपं ८,००० ते ९,००० लिटरमध्ये भागतात. आकार ठरवण्याआधी हा आकडा घरात किंवा मंडळाच्या बैठकीत मोठ्याने वाचावा. बुडात चार इंच पाचटाचं आच्छादन घातलं की यातलं पाणी बरंच वाचतं. फक्त ते खोडाला टेकू देऊ नये आणि वणव्याच्या माळावर घालूच नये.

नांग्या पडणारच, म्हणजे काही रोपं मरून जागा रिकाम्या राहणारच. पन्नास रोपं लावणार असाल तर त्याच लॉटची पाच-सहा जास्तीची आणावीत, ८×१० मधून १२×१२ मध्ये बदलून घरी ठेवावीत आणि पुढच्या जूनमध्ये नांग्या त्यांनी भराव्यात. म्हणजे शेजारच्या वर्षभराच्या झाडांत ती मागे पडत नाहीत. या पिशव्या फरशीवर किंवा जाड प्लॅस्टिकवर ठेवून दर दीड-दोन महिन्यांनी जागच्या जागी उचलून ठेवाव्यात, नाहीतर वर्षाने त्यांचीही मुळं अंगणात उतरलेली असतात.